दम लागण्याआधी

आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करा. बाथरूममध्ये जाऊन वर बघा. गॅसचा गीझर आतच टांगलेला असेल आणि गार वारा येतो म्हणून झरोक्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला असेल, तर उद्या सकाळी त्या गीझरवर घरातल्या कुणालाही अंघोळ करू देऊ नका. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गरगरायला लागतं आणि कडी काढायचंही भान राहत नाही. हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आपण हळहळतो आणि पान उलटतो. गीझर बाहेर मोकळ्या हवेत लावून आत फक्त पाण्याची लाइन घ्यायची, एवढंच काम आहे. उद्याच प्लंबरला फोन करा.

ही झाली मिनिटांत घात करणारी हवा. वर्षानुवर्षं घात करणारीही एक हवा असते. या आवाहनाचं खरं कारण ती आहे, आणि तिच्या जोडीला कपाटातला एक कागद.

माझ्या थोरल्या बहिणीनं जन्मात विडीला हात लावला नाही. लग्नानंतर वीस वर्षं चूल. धुराडं नसलेल्या खोलीत फुंकणीनं फुंकायचं आणि पदरानं डोळे पुसायचे. पुढे तालुक्याला फ्लॅट झाला, गॅस आला. पण तिन्हीसांजेला देवापुढे चार उदबत्त्या आणि रात्री खिडक्या लावून पलंगाखाली डासांची कॉइल, हे कधी चुकलं नाही. सकाळी बशीत राखेचं वेटोळं जसंच्या तसं पडलेलं असायचं. कॉइल काय काय सोडते हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं: एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण. जिना चढताना ताईला धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. छातीच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न टाकला, "घरात चूल होती का?" मग नळीत जोरात फुंकायला लावलं. आजाराचं नाव निघालं सीओपीडी.

तिची क्रिटिकल इलनेसची पॉलिसी होती आणि एकही हप्ता चुकलेला नव्हता. भाच्यानं क्लेम टाकला, तो नाकारला गेला. मी तणतणत पॉलिसीचं पुस्तक मागवून घेतलं आणि चष्मा लावून व्याख्यांच्या पानावर आलो. फुप्फुसं निकामी होण्याची अखेरची अवस्था: पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा एक लिटरपेक्षा कमी, तीही तीन-तीन महिन्यांच्या अंतरानं तीनदा मोजलेली. शिवाय कायमचा ऑक्सिजन. रक्तातल्या प्राणवायूचा दाब ५५ किंवा त्याखाली. आणि बसल्या जागी धाप. हे सगळं एकत्र असेल तरच पैसे. ताई एक लिटर तीनशे मिलीलिटर फुंकत होती. "म्हणजे मी अजून पुरती आजारी नाही म्हणायची," असं म्हणून ती हसली आणि त्या हसण्यानंच तिला खोकला आला.

कंपनीला मी मनातल्या मनात बरंच बोललो होतो, पण ही व्याख्या तिच्या पदरची नव्हती. विमा नियामकानंच या मोठ्या आजारांच्या व्याख्या ठरवून दिल्यात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीकडे जाऊनही हेच पान वाचायला मिळतं. त्या इतक्या कडक असाव्यात का, यावर भांडायला मी तयार आहे. पण ते भांडण मिटेपर्यंत तुमची फुप्फुसं थांबणार नाहीत. दम्याला, सुरुवातीच्या सीओपीडीला ही पॉलिसी पैसा देत नाही. तिथे उपाय एकच, घरातली हवा.

म्हणून कॉइल आजच बंद करा आणि मच्छरदाणी काढा, माळ्यावर असेलच. फोडणी घालण्याआधी एक्झॉस्ट लावा, खकाणा उठल्यावर नव्हे. उदबत्ती एकच, तीही खिडकी उघडून. देव रागावणार नाही, सासूबाई रागावतील, त्यांना ताईची गोष्ट सांगा. गावाकडे अजून बंब असेल तर तो पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या घालणं थांबवा. मुंबई-पुण्यात हिवाळ्याच्या सकाळी धूर खालीच साचून राहतो, तेव्हा खिडक्या दुपारी उघडा. एअर प्युरिफायर ज्याला परवडतो त्यानं जरूर घ्यावा, पण तो धुळीचे कण पकडतो. गीझरचा विषारी वायू त्याच्या जाळीत अडकत नाही.

मग विमा कशाला? कॅन्सर, हार्ट अटॅक, लकवा, किडनी यांच्यासाठी. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं, तेव्हा हवेचा धागा इथेही येतोच. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो. महात्मा फुले योजनेतही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण सहा महिने बंद राहिलेलं दुकान, घराचा हप्ता, उपचारासाठी मुंबईत घेतलेली भाड्याची खोली यांची बिलं कुणाकडे लावायची? क्रिटिकल इलनेसमध्ये आजार व्याख्येत बसला की ठरलेली रक्कम एकदम हातात येते, ती याच्यासाठी.

ही पॉलिसी मात्र धडधाकट असताना घ्यावी लागते. घेतल्यावर साधारण पहिले ९० दिवस ती लागू होत नाही आणि निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसींत ३०, रुग्ण हयात असावा लागतो. अगदी पहिल्या पायरीवरचा, जागच्या जागी असलेला कॅन्सर बहुधा वगळलेला असतो. फॉर्मवर तंबाखूचा रकाना असतो. एजंट म्हणेल, "मिश्रीचं कशाला लिहिता, हप्ता वाढेल." लिहा. तिथे झाकलेली मिश्री नेमकी क्लेमच्या दिवशी बाहेर येते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, त्यामुळे 'महाग पडतं' ही सबब थोडी लंगडी झालीय.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांत व्याख्यांचं पान घरातल्या शिकत्या मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या, नॉमिनीचं नाव बघा आणि फाइल साड्यांच्या खाली न ठेवता सगळ्यांना सापडेल अशी ठेवा. व्याख्येत बसूनही क्लेम नाकारला गेला, तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. महिनाभरात समाधान झालं नाही, तर मुंबईत आणि पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. अर्ज मात्र नकार आल्यापासून वर्षाच्या आत द्या.