ज्याचा त्याचा पवित्रा

‘तुमची बॅट धरायची पद्धतच चुकते,’ हे वाक्य ऐकून घ्यायला आजकाल महिन्याच्या महिन्याला पैसे मोजावे लागतात. पूर्वी हेच वाक्य पारावर बसलेले रिकामटेकडे फुकट ऐकवत असत. मधल्या काळात फरक पडला तो एवढाच, की रिकामटेकड्यानं डोक्यावर टोपी घातली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि तो ‘कोच’ झाला. ही शिट्टी आता आमच्या कवठे महांकाळातही ऐकू येते.

आठ वर्षांचं पोर हौसेनं बॅट घेऊन मैदानावर जातं. गेल्या गेल्या त्याचे पाय मोजूनमापून ठेवले जातात. डावं कोपर वर, मान सरळ, उजव्या हाताची पकड सैल! पोराला चेंडू दिसेनासा होतो, कारण त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या कोपराकडे. बड्या लोकांच्या गोल्फमध्येही हाच प्रकार चालतो म्हणे. तिथं ‘स्विंग’ शिकवायला व्यावसायिक खेळाडू तासाच्या बोलीवर मिळतो. तो खांदा, कंबर, मनगट अशी वाणसामानासारखी यादी देतो. यादी पाठ होईपर्यंत साहेबांचा चेंडू जागचा हलत नाही. साहेबांचं एक वेळ ठीक आहे हो! त्यांना चेंडू कुठं जातो यापेक्षा आपण कुणाबरोबर खेळतो याची काळजी असते. प्रश्न पोरांचा आहे.

या शास्त्रशुद्ध मंडळींना मी आमच्या शेजारच्या जत तालुक्यातली एक हकीकत ऐकवू इच्छितो. पाऊससुद्धा जिथं अर्ज न टाकता रजेवर जातो, त्या जतला १९३० च्या दशकाच्या अखेरीस साक्षात क्लॅरी ग्रिमेट क्रिकेट शिकवायला आला होता. ऑस्ट्रेलियाचा हा लेगस्पिनर म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. ३७ कसोट्यांत २१६ बळी! कसोटीत दोनशेचा आकडा गाठणारा जगातला पहिला गोलंदाज. जतच्या राजेसाहेबांना क्रिकेटचा नाद, म्हणून हा पाहुणा आला. पण इतिहासात शिष्य म्हणून नाव राहिलं ते राजेसाहेबांचं नाही, विजय हजारेंचं. १९१५ साली सांगलीत जन्मलेला, शाळामास्तरांच्या घरातला, आठ भावंडांतला एक मुलगा.

आता या मुलाचा पवित्रा पाहा. बॅटच्या दांड्यावर दोन हातांत चांगलं अंतर, आणि बॅट दोन पॅडांच्या मध्ये खुपसलेली. आजच्या शिट्टीवाल्यानं हे ध्यान पाहिलं असतं तर त्याची शिट्टी घशात गेली असती. ग्रिमेटनं मात्र ही पकड बदलायच्या भानगडीत न पडता ती तशीच राहू दिली, असं सांगतात. जी खोड चेंडूच्या आड येत नाही, तिच्या आड आपणही येऊ नये, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं.

पुढं काय झालं? १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. १९४८ च्या जानेवारीत, लिंडवॉल-मिलरच्या माऱ्यापुढं, एकाच कसोटीत ११६ आणि १४५. आणि हे कुठं? ॲडलेडला, म्हणजे खुद्द ग्रिमेटच्या गावात! गुरुदक्षिणा याहून वेगळी काय असते? १९५२ साली भारतानं मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान हजारेच होते.

यावर शिट्टीवाले म्हणतील, ‘मग कोच हवाच कशाला?’ हवा ना! आमच्या भागात द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबरात फळछाटणी असते. कात्री कुणालाही चालवता येते, पण कुठला डोळा राखायचा हे ज्याला कळतं, त्यालाच माणसं पुन्हा बोलावतात. सगळंच छाटणाऱ्याला बागेत कुणी उभं करत नाही. पोरांच्या बाबतीतच आपण एवढे उदार का होतो?

मी बँकेत सह्या जुळवणारा माणूस. आमच्याकडे एखादे आजोबा येतात, त्यांच्या सहीतली अक्षरं वारीतल्या म्हाताऱ्यांसारखी मागंपुढं चालत असतात. पण नमुन्याच्या कार्डावर ती तशीच चालत असली, की चेक पास! उद्या नातवानं त्यांना वळणदार सही शिकवली, तर तोच चेक मी मुकाट्यानं परत करीन. अक्षर सुधारलं, पण माणूस ओळखू येईना, त्याला बँक काय करणार? खेळाडूचा पवित्रा म्हणजे त्याची सहीच. ती सुधारायच्या नादात शिट्टीवाले दरसाल किती चेक परत पाठवतात, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

तेव्हा पालकहो, फी भरण्यापूर्वी कोचला एकच विचारा, ‘माझ्या पोराचं तुम्ही काय बदलणार नाही?’ उत्तराला वेळ लागला तर चप्पल घाला आणि पोराला घेऊन घरी या. त्याला गल्लीत खेळू द्या. शेजाऱ्याची काच फुटेल, ती भरून द्या. महिन्याच्या फीपेक्षा काच स्वस्त पडते. हा हिशेब कॉमर्सच्या पदवीधराचा आहे, पुन्हा तपासायची गरज नाही.