गॅरेजवाल्याचा रविवार

नारायण मेघाजी लोखंडे यांनी नेटाने लावून धरलेली साप्ताहिक सुट्टीची मागणी मुंबईच्या गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी मान्य केली आणि रविवार हा श्रमिकाच्या हक्काचा दिवस मानण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ झाला. परंतु ज्यांना ही सुट्टी लाभली त्यांच्याच सोयीसाठी ज्याला त्या दिवशी सर्वाधिक राबावे लागते, असा एक कारागीर आपल्या शहरांच्या नाक्यानाक्यावर उभा आहे, आणि त्याच्या रविवाराचा विचार समाजाने कधी केलेला नाही. दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींविषयी मी हे लिहीत आहे.

पुण्यासारख्या शहरात नोकरी, शाळा, मंडई, दवाखाना ही सारी कामे दुचाकीवरच उरकायची असल्यामुळे गाडी आठवडाभर हाताशी लागते, आणि म्हणून ब्रेक शू बदलणे, चेन घट्ट करणे, क्लच प्लेट टाकणे ही कामे साहजिकच रविवारवर ढकलली जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दसऱ्याच्या आधी तर गाड्यांची रांग फूटपाथवर येते. एखाद्या सुट्या भागासाठी पोऱ्याला नाना पेठेत पिटाळायचे आणि तो परत येईपर्यंत दुसरे इंजिन उघडायचे, अशा रीतीने दिवसभर उकिडवे बसून पाठ आणि गुडघे भरून आल्यावर मिस्त्री जेव्हा शटर ओढतो, तेव्हा त्याची मुले घरी निजलेली असतात. त्यातच 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या कसबी माणसाला सेन्सर, वायरिंग आणि स्कॅनर यांचे नवे शिक्षण घेणे प्राप्त झाले, आणि या अभ्यासाला वेळ काढायचा तो घरच्या वेळातूनच.

माझ्या परिचयातील एक मिस्त्री उत्तम पखवाज वाजवीत. संध्याकाळी हाताचे ऑइल घासून घासून काढायचे, मग कणीक मळून धुमेवर लावायची आणि वाद्य स्वरात आणून भजनाला बसायचे, यात त्यांना जो आनंद मिळे तो पैशाच्या मोबदल्यात मोजण्यासारखा नव्हता. धंदा वाढला तसे मंडळाचे वार चुकू लागले, रियाज तुटला, आणि रियाज तुटलेल्या वादकाला आपले बोट जड पडल्याचे सर्वांआधी स्वतःलाच कळते. त्यांनी पखवाज गवसणीत घालून ठेवला. याला मी केवळ एका माणसाचे नुकसान मानत नाही. भजनी मंडळे, कुस्तीच्या तालमी, कबड्डीचे संघ ज्यांच्या बळावर उभे राहिले, त्यांत हातावर पोट असणारे असे कारागीर फार मोठ्या संख्येने होते.

यावर असे सांगण्यात येते की, मिस्त्री हा स्वतःचा मालक असल्याने त्याने आपल्या वेळेची तजवीज स्वतःच करावी. हा उपदेश मला अन्यायाचा वाटतो. ज्याच्या गाळ्याचे भाडे दरमहा ठरल्या तारखेस द्यावे लागते, त्याने एकट्याने शटर ओढले तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाते आणि पुष्कळदा तिथलेच होते. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन सर्वांवर सारखे घातले होते. 2017 च्या नव्या कायद्याने सातही दिवस व्यवहार चालू ठेवण्याची मुभा दिली, कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली, परंतु दहाहून कमी कामगारांच्या आस्थापनांना बहुतांश तरतुदींतून वगळले. एक मिस्त्री आणि दोन पोरे यांचे गॅरेज त्यामुळे सुट्टीच्या संरक्षणाबाहेरच राहिले.

कायद्याने सोडलेले काम रिवाज करू शकतो. केशकर्तनालये सोमवारी बंद ठेवण्याचा दस्तूर महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी पाळला गेला आणि त्याविषयी कोणा गिऱ्हाइकाने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टीही सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र मधल्या वाराची सुट्टी गॅरेजवाल्याला अपुरी पडेल, कारण त्या दिवशी मुले शाळेत असतात. म्हणून प्रत्येक भागातील गॅरेजवाल्यांनी एकत्र बसून रविवारी दुपारी एकनंतर शटर ओढण्याचा ठराव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जेवणाचे डबे पोहोचविणारी जी तरुण मुले रविवारीही गाडीवरच पोट भरतात, त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी पाळीपाळीने एक गॅरेज उघडे राहावे.

या ठरावाचे यश मात्र गिऱ्हाइकाच्या हाती आहे. वाचकहो, सर्व्हिसिंगची गाडी मंगळवारी किंवा बुधवारी कामावर जाताना टाका, एक दिवस बसने जा, आणि रविवारी संध्याकाळी आपल्या मिस्त्रीला फोन करू नका.