उतारा नसलेले विष

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भांगलणीला माणूस मिळणे दुरापास्त झाले आणि उसाच्या सरीत, द्राक्षबागेत खुरप्याची जागा फवारणीच्या पंपाने घेतली. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. परंतु पॅराक्वाट या तणनाशकाचा विचार निराळा करावा लागतो. ते पोटात गेले, तर त्यावर उतारा नाही.

रुग्ण कराडच्या रुग्णालयात जावो वा मिरजेच्या, डॉक्टरांपुढील पेच एकच असतो. हे विष रक्तातून फुफ्फुसांच्या पेशींत ओढले जाऊन तेथे साठते आणि प्राणवायूच्या साहाय्यानेच पेशींचा नाश करते. त्यामुळे धापेवरचा पहिला उपाय असलेला प्राणवायूच येथे हात राखून द्यावा लागतो! पहिल्या काही तासांत सक्रिय कोळसा व रक्तशुद्धी यांचा थोडाबहुत उपयोग होतो. स्टेरॉइडसारख्या औषधांविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. पुढे मूत्रपिंडे निकामी होतात, फुफ्फुसे तंतुमय होऊन आक्रसतात. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, त्याला जगायचे असते. क्षणिक उद्वेगात घडलेली चूक सुधारण्याची संधी हे विष क्वचितच देते.

वैद्यक जेथे हतबल होते, तेथे शासनाची जबाबदारी सुरू होते. स्वित्झर्लंडने १९८९ मध्येच यावर बंदी घातली. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये त्याची मान्यता रद्द केली. ब्रिटनमधील कारखान्यातून निर्यात मात्र त्यानंतरही होत राहिली. स्वतःच्या शेतात नको असलेले विष इतरांच्या शेतात चालते, हा कोणता न्याय? दक्षिण कोरियाने २०११-१२ मध्ये ते बाजारातून काढले. तेथे विषारी औषधांनी होणाऱ्या आत्महत्या घटल्या, पिकांचे उत्पन्न मात्र घटले नाही. भारतात केरळने २०११ मध्ये पाऊल उचलले. यवतमाळच्या २०१७ मधील फवारणीबळींनी महाराष्ट्र हादरला, तरी केंद्राने २०१८ मध्ये जी १८ कीडनाशके बंद करण्याचा आदेश काढला, त्यांत पॅराक्वाट नव्हते.

या बंदीचा आग्रह महाराष्ट्राने धरला पाहिजे. तोवर गावोगावी दोन गोष्टी तरी रुजाव्यात. तणनाशक घरात न ठेवता कुलुपात ठेवावे. आणि घोटभरही पोटात गेल्याचा संशय आला, तर माणूस धडधाकट दिसत असला तरी तासभरही न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे, सोबत बाटलीही न्यावी. फुफ्फुसे वाचवण्याची वेळ धाप लागण्यापूर्वीचीच असते.