विश्लेषण : बाणाची कळ दाबली, तरी साप का वळत नाही?

जळगाव जामोदमधला एखादा बीसीएचा विद्यार्थी जावामध्ये सापाचा खेळ तयार करतो, असे समजा. (खानदेशातल्या जळगावशी गल्लत नको, हे सातपुड्याच्या पायथ्याचे, बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव.) खिडकीत वर साप, खाली ‘सुरू’, ‘थांबा’ आणि चार दिशांची चार बटणे. खेळ उघडताच बाणाच्या कळांनी साप छान वळतो. मग माउसने ‘सुरू’वर एक क्लिक होते आणि कळफलक जणू मेला. बाण दाबा, काही होत नाही. स्पेसबार दाबला तर आणखी विचित्र : खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! आणि प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके तेव्हाच मागे उभे असतात.

विद्यार्थी सापाच्या वळण्याचा, टकरीचा कोड तपासत बसतो. चूक तिथे नसतेच.

कळ नेमकी कुणाकडे जाते?

फोनवर वाढलेल्या पिढीला हा प्रश्न पडत नाही. बोट जिथे टेकते, तिथलीच वस्तू उत्तर देते. कळफलकाचे तसे नाही. दाबलेली कळ पडद्यावरच्या कोणत्या वस्तूसाठी आहे, हे कळीवरून ठरत नाही. म्हणून संगणक एका वेळी एकाच वस्तूला मान देतो आणि सगळ्या कळा तिच्याकडे पाठवतो. यालाच ‘फोकस’ म्हणतात. पूर्वी अख्ख्या गल्लीत एकाच घरी फोन असे. निरोप कुणाचाही असो, उचलणार तेच घर. ‘सुरू’ बटणावर क्लिक करणे म्हणजे तो फोन सापाच्या घरातून उचलून बटणाच्या घरी नेऊन ठेवणे. बाणाचे निरोप येत राहतात, पण बटणाला त्यांचे काहीच सोयरसुतक नसते. स्पेसबार मात्र त्याला कळतो. फोकस असलेल्या बटणावर स्पेसबार म्हणजे क्लिक, म्हणून खेळ पुन्हा सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये तर बाणाच्या कळांनी फोकसच एका बटणावरून दुसऱ्यावर उड्या मारतो.

१९९७ मध्ये आलेल्या नोकिया ६११० वरच्या सापाला ही अडचण नव्हती. त्या पडद्यावर दाबण्याजोगे दुसरे काही नव्हतेच.

एका ओळीचा उपाय, पण कुणाच्या जिवावर?

बहुतेकांना यावर एक ओळ मिळते : बटणाला फोकस घेण्यास मनाई करा. जावात ‘सेट-फोकसेबल’ला ‘फॉल्स’ दिले की झाले. साप वळू लागतो, प्रकल्प जमा होतो. पण ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला माउसचा बाण दिसत नाही, तो माणूस टॅबची कळ दाबत एकेका बटणावर पोहोचतो. फोकस बंद केलेले बटण त्याच्यासाठी उरतच नाही. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांमध्ये सारे काही कळफलकाने करता आले पाहिजे, ही मूलभूत अट आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही माहिती-तंत्रज्ञान सुगम असावे, असे सांगतो. ‘एवढासा खेळ, कोण बघतो?’ हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण हीच सवय लागलेले हात चार वर्षांनी बँकेचा किंवा कॉलेज प्रवेशाचा अर्ज लिहितात.

दिशांच्या चार बटणांचा फोकस खुशाल काढावा, कारण तेच काम बाण करतात. ‘सुरू’ आणि ‘थांबा’चा काढायचा असेल, तर त्यांना स्वतःची एकेक कळ द्यायलाच हवी.

खरा मार्ग वेगळा आहे. ‘की-लिसनर’ फक्त फोकस असलेल्या वस्तूच्या कळा ऐकतो. ‘की-बाइंडिंग’ने कळ संपूर्ण खिडकीशी बांधता येते, मग फोकस कोणत्या का बटणावर असेना. डावा बाण आणि पडद्यावरचे ‘डावीकडे’ बटण या दोघांनी एकच काम बोलवावे. दोन ठिकाणी दोनदा लिहिले, की एक सुधारले जाते आणि दुसरे तसेच राहते. स्पेसबारची मेख तरीही उरते, कारण फोकस असलेले बटण तो आधी गिळते. म्हणून ‘सुरू’ दाबल्यावर फोकस पुन्हा खेळाच्या फलकाकडे द्यावा.

गाडी अडखळते का?

सापाऐवजी गाडी असेल तर पुढचा घोळ. कळ दाबून धरली, की गाडी एक पाऊल सरकते, क्षणभर थांबते, मग सुसाट. ती थांबणूक टंकलेखनासाठी ठेवलेली असते, चुकून एकाची दहा अक्षरे उमटू नयेत म्हणून. खेळाने या पुनरावृत्तीवर विसंबू नये. कळ खाली गेली आणि वर आली, एवढेच टिपावे आणि सरकवण्याचे काम टायमरवर सोडावे. खिडकी बदलली की या नोंदी पुसाव्यात, नाहीतर कळ सुटल्याचा निरोप पोहोचत नाही आणि गाडी आपली एकटीच धावत राहते.

मराठी कळफलक चालू असेल तर?

इंग्रजी पुस्तकांत हा प्रश्न क्वचितच येतो आणि तालुक्याच्या गावात हमखास. सरकारी नोकरीसाठी मराठी ३० आणि ४० गतीची संगणक टंकलेखन परीक्षा देणारे इथे घरोघरी आहेत. त्यांच्या संगणकावर मराठी चालू असणे हेच स्वाभाविक. खेळ डब्ल्यू, ए, एस, डी या चार अक्षरांची वाट पाहत बसला असेल, तर इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याच्या हाती येतात दोन मात्रा (ै), काना-मात्रा (ो), एक मात्रा (े) आणि पाय मोडण्याचे चिन्ह (्). मराठीची एवढी सुरेख सामग्री मिळूनही साप जागचा हलत नाही. ‘कोणते अक्षर उमटले’ याऐवजी ‘कोणत्या जागेची कळ दाबली’ हे विचारता येते. ब्राउझरमध्ये तर त्यासाठी दोन वेगळी उत्तरेच उपलब्ध असतात. तेही जमत नसेल तर बाणाच्या कळा ठेवाव्यात. त्या कोणत्याही भाषेत बाणच राहतात.

प्रात्यक्षिकात ‘खेळ चालतो’ याला गुण मिळतात. माउस बाजूला ठेवून चालतो का आणि मराठी कळफलक चालू असताना चालतो का, यांसाठी दोन-दोन गुण राखून ठेवायला परीक्षकांना पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.