सॉल्सबरींची रेघ, दादाभाईंची जागा

1892 मध्ये दादाभाई नवरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत दादाभाईंची चिकाटी असते, दुसरीत इंग्रज मतदाराचे मोठे मन. दोन्हींत तथ्य आहे, पण ज्या मतदारसंघात हे घडले तो मात्र दोन्हींतून निसटतो. सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ तेव्हा सात वर्षांचाही झाला नव्हता. 1885 मध्ये लंडनचा निवडणूक नकाशा नव्याने कापला गेला नसता, तर दादाभाई निवडून येणे फार अवघड होते असे माझे मत आहे. आणि तो नकाशा ज्यांच्या हट्टामुळे तसा कापला गेला, त्या हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड सॉल्सबरींनाच दादाभाईंसारखा उमेदवार नको होता.

1832 च्या सुधारणेत जन्मलेला जुना फिन्सबरी मतदारसंघ अवाढव्य होता. क्लार्कनवेल, सेंट ल्यूक, इस्लिंग्टन, होबर्नचा भाग असे सगळे मिळून दोन सदस्य निवडत. तिथली परंपरा पुढारलेली होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक थॉमस वॅक्ली आणि चार्टिस्टांचा अर्ज सभागृहात मांडणारे थॉमस डन्कम हे तिथलेच सदस्य. 1884 मध्ये उदारमतवादी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ग्रामीण भागात मताधिकार वाढवायला घेतला, तेव्हा उमरावांच्या सभेतील हुजूर पक्षाच्या बहुमताने अडवणूक केली : आधी मतदारसंघांची फेररचना, मग मताधिकार. त्या नोव्हेंबरात अर्लिंग्टन स्ट्रीटवरील सॉल्सबरींच्या घरी तडजोड झाली. उदारमतवाद्यांच्या बाजूने तपशिलाचे काम चार्ल्स डिल्क यांनी पाहिले. सॉल्सबरींनी धरून ठेवलेले तत्त्व होते बहुतेक ठिकाणी एक मतदारसंघ, एक सदस्य. हिशेब सरळ होता. मोठ्या शहरी मतदारसंघांत सुखवस्तू वस्त्यांची मते बुडून जात होती, त्या वस्त्यांना स्वतंत्र जागा हव्या होत्या. लंडनच्या 22 जागांच्या सुमारे 60 झाल्या आणि 1886 मध्ये त्यांतल्या बहुतांश हुजूर पक्षाने जिंकल्या. हिशेब बरोबर ठरला होता.

पण सुखवस्तू वस्ती वेगळी काढली की कारागिरांची वस्तीही आपोआप वेगळी निघते. दादाभाईंच्या दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की हे दिसते. 1886 मध्ये ते होबर्नमधून उभे राहिले. तिथे वकिलांच्या संस्था होत्या, पेढ्या आणि दुकाने होती. त्यांना 1,950 मते पडली, प्रतिस्पर्धी कर्नल डंकन यांना 3,651. याच निवडणुकीचा संदर्भ घेऊन 1888 मध्ये एडिंबरा येथे सॉल्सबरी म्हणाले की काळ्या माणसाला निवडून देण्याइतका इंग्रज मतदारसंघ अजून पुढे गेलेला नाही. सेंट्रल फिन्सबरीचा गाभा मात्र क्लार्कनवेल होता. घड्याळे, दागिने आणि छपाईचे कारागीर, मजुरांचे राजकीय क्लब, सभांसाठी नावाजलेले क्लार्कनवेल ग्रीन. 1892 मध्ये तिथे एकूण मते पडली सहा हजारांच्या आत. एवढ्या आटोपशीर भागात उमेदवाराला पायी फिरून घर न् घर गाठता येते. 1888 पासून दादाभाईंनी नेमके तेच केले. उदारमतवादी पक्षात रिचर्ड ईव्ह यांच्याशी उमेदवारीचा वाद चिघळला, तरी ते टिकले ते स्थानिक कार्यकर्त्यांच्या बळावर. इस्लिंग्टनपासून होबर्नपर्यंत पसरलेल्या जुन्या फिन्सबरीत परक्या देशातल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला असा पाया घालता आला असता, असे मला वाटत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. दोन सदस्यांच्या जागेवर पक्षाला एक परिचित आणि एक वेगळा असे दोघे उभे करता येत. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये नॉर्थहॅम्प्टनमधून असेच निवडून आले. (1889 च्या मुंबई काँग्रेसला आलेले ब्रॅडलॉ ते हेच.) पण नॉर्थहॅम्प्टन म्हणजे जोडे बनवणाऱ्यांचे एकसंध गाव होते, आणि तिथेही ब्रॅडलॉ आधी 1868 मध्ये आणि पुन्हा 1874 मध्ये हरले होते. म्हणजे दार उघडले ते एका धंद्याच्या सलग वस्तीने, सदस्यसंख्येने नव्हे. दुसरा आक्षेप असा की 1892 ला वारे उदारमतवाद्यांचे होते. होतेच, 1895 मध्ये ते फिरले आणि दादाभाई पडले. दुसरे हिंदी उमेदवार लालमोहन घोष तर 1885 मध्येच डेप्टफर्डच्या नव्या एकसदस्यीय जागेवर हरले होते. नकाशा विजय हातात देत नाही, विजय शक्य करतो. त्याच 1892 मध्ये केअर हार्डी वेस्ट हॅम साउथमधून आणि जॉन बर्न्स बॅटर्सीतून निवडून आले. दोघेही मजुरांचे प्रतिनिधी, दोन्ही जागा 1885 च्या. 1895 मध्ये आणखी एक हिंदी उमेदवार, मंचरजी भावनगरी, हुजूर पक्षातर्फे जिंकले ते बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून, तीही 1885 चीच जागा. तेव्हा ही किमया एका पक्षाच्या लाटेची म्हणता येत नाही.

त्या पाच मतांचे मोल काय होते? 2 जून 1893 रोजी दादाभाईंच्या पाठिंब्याने कॉमन्स सभेने भारतीय सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान दोन्हीकडे एकाच वेळी घेण्याचा ठराव 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर केला. सरकारने तो अमलात आणला नाही. 1895 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सदस्य होते, आणि 1897 मध्ये पुण्याहून गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच आयोगापुढे साक्ष दिली.

सेंट्रल फिन्सबरी 1918 मध्ये संपला. फिन्सबरी आधी एकटा राहिला, 1950 मध्ये शोरडिचला जोडला गेला आणि 1974 पासून दक्षिण इस्लिंग्टनला. ही जागा पुढेही अटीतटीची राहिली. 1983 मध्ये ख्रिस स्मिथ 363 मतांनी जिंकले, 2005 मध्ये एमिली थॉर्नबेरी 484 मतांनी. आता रेघ आखण्याचे काम स्वतंत्र सीमा आयोगांकडे आहे, आणि 2011 च्या कायद्याने ते जवळजवळ गणित करून टाकले; 2020 च्या कायद्याने ते तसेच ठेवले. गेल्या फेररचनेत सरासरी 73,393 मतदार धरून पाच टक्के इकडेतिकडे एवढीच मुभा होती. बेटांवरच्या पाच जागांना मात्र यातून सवलत होती. एका मताची किंमत सगळीकडे सारखी असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाच टक्क्यांच्या चिमट्यात क्लार्कनवेलसारखी वस्ती एका बाजूला राहील की मधोमध चिरली जाईल, हे शेजारच्या वॉर्डाच्या मतदारसंख्येवर ठरते. मुभा वाढवली तर पक्ष आपल्या सोयीच्या रेघा ओढतील, अशी भीती दाखवली जाते. सॉल्सबरींच्या काळात ती खरी होती, कारण तेव्हा नेतेच सौदा करत. आज आयोग स्वतंत्र आहेत आणि त्यांचे अहवाल फेटाळण्याचा अधिकारही पार्लमेंटने सोडून दिला आहे. अशा स्थितीत थोडी सैल मुभा देण्यात धोका कमी आणि लाभ जास्त आहे. 2020 मध्ये उमरावांच्या सभेने साडेसात टक्क्यांची दुरुस्ती सुचवली होती, ती कॉमन्सने नाकारली. ती स्वीकारायला हवी होती. पुढचा आढावा 1 ऑक्टोबर 2031 पूर्वी सादर व्हायचा आहे आणि त्याचे काम काही वर्षे आधी सुरू होते, त्यामुळे कायदा बदलायचा तर तो त्याआधीच बदलावा लागेल.