सही कोणाची, निवड कोणाची?

रत्नागिरीच्या आमदाराने राष्ट्रपतिपदासाठी दिलेल्या मताचे मूल्य आज 175 आहे. मतदान गुप्त असते, पक्षाला व्हिप काढता येत नाही. एवढा अधिकार हाती असूनही उमेदवार कोण, हे त्या बिचाऱ्याला बहुधा आपल्यासारखेच बातम्यांतून कळते.

मी बँकेत आयुष्य काढले. पाच हजारांचे कर्ज दिले तरी शिफारस कोणाची आणि मंजुरी कोणाची, ते कागदावर राही. कर्ज बुडाले की आधी तो कागद निघे. पक्षश्रेष्ठींच्या खोलीतून असा कागद बाहेर येत नाही.

एकदाच त्या खोलीचे दार किलकिले झाले, 1969 साली. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर, जुलैत बंगलोरला, काँग्रेसच्या संसदीय मंडळाने संजीव रेड्डींचे नाव चार विरुद्ध दोन मतांनी ठरवले. त्या चौघांत आपल्या सावंतवाडीकडचे स. का. पाटील होते आणि यशवंतराव चव्हाणही. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. आठवड्याभरात मोरारजींकडचे अर्थखाते गेले आणि 19 जुलैला 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. (पुढे मला भाकरी देणारी सरकारी बँक अशी या भांडणात जन्मली!) रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही मात्र इंदिराबाईंचीच होती. नंतर त्यांनीच खासदार-आमदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची मुभा दिली आणि गिरी अवघ्या 14,650 मतमूल्याने निवडून आले. तिसरे राहिले कोकणचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांची आठवण कोण काढतो?

श्रेष्ठींचा पराभव झाला म्हणून पुष्कळांना आनंद झाला. पण झाले एवढेच, की मंडळाच्या खोलीतला निर्णय एका घरात गेला. बंगलोरला इंदिराबाईंच्या बाजूने पडलेल्या दोन मतांत एक त्यांचे स्वतःचे होते, दुसरे फक्रुद्दीन अली अहमद यांचे. 1974 साली तेच राष्ट्रपती झाले. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणीच्या घोषणेवर सही त्यांचीच.

2007 साली डाव्यांनी शिवराज पाटलांच्या नावाला नकार दिला आणि प्रतिभाताई पाटील पुढे आल्या. मराठी राष्ट्रपती म्हणून शिवसेनेने युती बाजूला ठेवून त्यांना मते दिली. आमच्याकडेही पेढे आले. ते नाव कोणी, कुठे, कशाच्या बदल्यात सुचवले, हे त्या दिवशी मीही कोणाला विचारले नाही.