दार न उघडणारी मुलगी

गेल्या आषाढांत शिळफाट्यास एका आप्तांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. खोपोलीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याचें वर्णन सांगावयास नको. बोरघाटाचे डोंगर दिवसभर ढगांत बुडालेले, अंगणाचें तळें झालेलें, आणि बाहेर पडण्याचा विचारही करवत नाहीं, अशी स्थिति. अशा वेळीं एकत्र कुटुंबांत जें व्हावयाचें तेंच झालें. माजघरांत मंडळी जमली आणि वादास तोंड फुटलें.

वादाचा विषय मात्र आमच्या कल्पनेबाहेरचा निघाला. घरांतील चिरंजीव इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहेत. ते संगणकावर एक जपानी खेळ खेळतात. तो खेळ घरांत ठेवावा कीं काढून टाकावा, हा प्रश्न होता. आणि तो निव्वळ खेळापुरता नव्हता. मागल्या सत्रांत चिरंजीवांचे दोन विषय राहिले होते. तेव्हांपासून त्यांच्या खोलीचें दार बहुतेक बंद असे, आणि रात्रीचें ताटही कित्येकदां आंतच जाई. घरांतील वडीलधाऱ्या गृहस्थांस सर्वजण नाना म्हणतात. ते आम्हांस एकीकडे नेऊन म्हणाले, "मला त्यांतलं कांहीं कळत नाहीं. पण त्या खेळाचा शेवट काय आहे हें त्याच्या बापानं कुठंसं वाचलं, आणि तेव्हांपासून त्याला झोंप नाहीं. तुम्ही एकदां बघा आणि सांगा." नानांचा शब्द मोडवेना. आम्हीं दोन रात्री चिरंजीवांच्या शेजारीं बसून तो खेळ पाहिला.

खेळाचें नांव ‘युमे निक्की’, म्हणजे स्वप्नांची रोजनिशी. किकियामा हें टोपणनांव घेणाऱ्या एका जपानी कर्त्यानें तो २००४ सालच्या जून महिन्यांत फुकट खेळण्यास खुला केला. त्यांतील नायिका मादोत्सुकी नांवाची एक मुलगी. ती आपल्या खोलींत एकटी राहते. खोलींत बिछाना, लिहिण्याचें मेज, दूरदर्शनचा संच आणि लगत एक सज्जा. बाहेरच्या दारापाशीं तिला नेलें तर ती मान हलवून नकार देते. खेळणाऱ्यानें कितीही आग्रह केला तरी तें दार उघडत नाहीं. मग उरतें काय? मेजाशीं बसून रोजनिशी लिहिणें, वरून पडणारीं वांगीं झेलण्याचा एक पोरखेळ संचावर खेळणें, आणि झोंपणें.

ती झोंपली म्हणजे खरा खेळ सुरू होतो. स्वप्नांत तेंच दार निमूटपणें उघडतें, आणि पलीकडे बारा दारें वर्तुळांत उभीं असतात. प्रत्येक दारामागें निराळें जग : एकांत बर्फ, एकांत नुसते आंकडे, एकांत मेणबत्त्या, एकांत अंधार. या जगांतून चोवीस चिजा विखुरलेल्या आहेत. छत्री सांपडली कीं पाऊस पाडतां येतो, सायकल मिळाली कीं चाल वाढते, दिवा मिळाला कीं काळोखांत दिसूं लागतें. एक सुरीही आहे. ती वापरावी कीं न वापरावी हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. काय करा हें कोणी सांगत नाहीं. संभाषण जवळ जवळ नाहींच. पक्ष्याच्या चोचीच्या कांहीं बायका मागें लागतात आणि जेथून वाट नाहीं अशा जागीं नेऊन टाकतात. तेव्हां ती मुलगी आपल्याच गालास चिमटा घेते आणि जागी होते.

या खेळाविषयीं खेळणाऱ्यांत आरंभापासून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, यांत हेतु नाहीं, स्पर्धा नाहीं, तासच्या तास रिकाम्या जागेंतून चालावें लागतें. हा खेळ नव्हे, कंटाळा होय. दुसरा तट म्हणतो, इतर सर्व खेळ विसरलों, पण यांतील गुलाबी समुद्रांतलें तें घर विसरतां येत नाहीं. शिळफाट्याच्या माजघरांतही हेच तट पडले. नाना अर्धा तास पाहून म्हणाले, "अरे, पण यांत करायचं काय?" चिरंजीव म्हणाले, "नाना, फिरायचं." वहिनींनीं मुलीस छत्री देऊन पाऊस पाडला आणि म्हणाल्या, "बाहेर एवढा पडतोय तो पुरेना म्हणून आंतही पाडायचा!" तरी पुढें दहा मिनिटें त्या तो पाऊस पाहत राहिल्या. गुलाबी समुद्रांतल्या त्या घरांत दिवा मालवला असतां चौसष्टांतून एकदां तेथील मुलीचें रूप भयंकर पालटतें. घरांतली अकरा वर्षांची मुलगी हें ऐकून घाबरली, आणि लगेच दिवा पुनः पुनः मालवावयास सांगूं लागली. माईंचें मत सर्वांत निराळें पडलें. त्या म्हणाल्या, "स्वप्नाला हेतु काय, असं कोणी विचारतं का? तुकोबांना गुरुपदेश झाला तो स्वप्नांतच. काय दिसलं एवढंच विचारावं."

माईंनीं संगणकास कधीं हात लावला नसेल. परंतु या प्रकारच्या खेळांचें मर्म त्यांनीं नेमकें सांगितलें असें आम्हांस वाटतें. १९९८ सालीं जपानांतच ‘एलएसडी’ नांवाचा असा एक खेळ निघाला होता. एका बाईनें सुमारें दहा वर्षें लिहिलेली आपल्या स्वप्नांची रोजनिशी ओसामु सातो या कलावंतानें त्यासाठीं आधाराला घेतली. त्यांत भिंतीस नुसता स्पर्श झाला तरी माणूस दुसऱ्याच जागीं जाऊन पडतो, आणि कांहीं मिनिटांत स्वप्न संपतें. तेथेंही जिंकावयाचें कांहीं नाहीं. हें केवळ जपानी खूळ म्हणावें तर पालघरच्या शिवेपलीकडे, दक्षिण गुजरातेंतील चला या गांवीं, ध्रुव जानी व त्यांचे सहकारी ‘ओलिओमिंगस’ या नांवानें असेच खेळ रचीत आले आहेत. त्यांच्या एका खेळांत नुसतें एका विचित्र संग्रहालयाच्या दालनांतून हिंडावयाचें, अवाढव्य झालेल्या नित्याच्या वस्तु पाहावयाच्या आणि त्यांच्या कथा वाचावयाच्या.

उलट प्रयोगही होऊन गेला आहे. २०१८ सालच्या फेब्रुवारींत ‘युमे निक्की’ची नवी आवृत्ति निघाली. तींत चित्रें सुधारलीं, कोडीं घातलीं, पुढें काय करावयाचें तें बरेंचसें स्पष्ट केलें. जुन्या खेळणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ती रुचली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, वाट दाखविली आणि स्वप्न मोडलें. शिळफाट्यावर उभें राहिलें कीं एक रस्ता घाटाकडे जातो, दुसरा पालीकडे. पाट्या असल्यामुळें कोणी चुकत नाहीं, आणि चुकत नाहीं म्हणूनच तेथून गेलेल्यांस तो फाटा आठवतही नाहीं.

येथपर्यंत वाद गोडीचा होता. नानांची चिंता मात्र शेवटाची होती, आणि तो शेवट झाकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. चोवीसही चिजा गोळा करून स्वप्नांत ठेवून दिल्या आणि मुलगी जागी झाली म्हणजे शेवट येतो. तो आत्मघाताचा आहे. कां, याचें कारण खेळांत कोठेंही दिलेलें नाहीं. खेळणारे आजवर त्याचीं कारणें जुळवीत आले आहेत. कोणी म्हणतात तिजवर कांहीं अत्याचार झाला असावा. कोणी म्हणतात तिच्या हातून कांहीं घडलें असावें. कोणी म्हणतात तेंही एक स्वप्नच, ती पुढें जागी होते. पुष्कळांचें मत असें कीं, ती हिकिकोमोरी आहे. जो मनुष्य महिनेन् महिने घराबाहेर पडत नाहीं, त्यास जपानांत हें नांव आहे; तामाकी साइतो या मानसवैद्यांच्या १९९८ सालच्या पुस्तकानें तें सर्वतोमुखीं झालें. २०२३ सालीं जपान सरकारनें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें पंधरा ते चौसष्ट वर्षांच्या अशा माणसांची संख्या सुमारें १४ लाख ६० हजार होती. बापास झोंप कां येत नव्हती, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

दुसऱ्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांस आडपडदा न ठेवतां विचारलें, "या शेवटाबद्दल तुझं मत काय?" त्यांनीं उत्तरास वेळ लावला. मग म्हणाले, "काका, मला तो शेवट खोटा वाटतो. तिच्या घरांत एकदांही कोणी दार वाजवीत नाहीं. असं घर असतं का?" आम्ही हंसून म्हणालों, "तुझं तर दर दहा मिनिटांनीं वाजतं." ते म्हणाले, "वाजतं. पण विषय सुटतील का, एवढंच विचारायला."

या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों. तें आम्हीं त्याच रात्रीं नानांस व मुलाच्या वडिलांस जसेंच्या तसें सांगितलें, आणि आमचें मतही सांगितलें. खेळ काढून टाकल्यानें बंद दार उघडणार नाहीं. उलट त्या दारामागें काय चाललें आहे हें समजण्याची एक फट बुजेल. अकरा वर्षांच्या मुलीस हा खेळ देऊं नये. मन खचलेलें असतां कोणी तो रात्रभर एकट्यानें खेळत बसावें, हेंही आम्हांस मान्य नाहीं. आणि घरांतलें कोणतेंही मूल जगण्याचा वीट आल्याची भाषा करूं लागलें, मग तें खेळ खेळो वा न खेळो, तर ती भाषा नाटकी ठरवूं नये. थेट विचारावें, मुलास एकटें सोडूं नये आणि वैद्याचा सल्ला घ्यावा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सोयही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व फुकट आहे.

तिसऱ्या रात्रीं मुलाचे वडील आपण होऊन त्या खोलींत जाऊन बसले. परीक्षेचा विषय त्यांनीं काढला नाहीं. "मला चालवूं दे" म्हणाले. त्यांच्या हातून मुलगी अंधारांत वाट चुकली, चोचीच्या बायकांच्या तावडींत सांपडली, आणि जेथून सुटका नाहीं अशा जागीं जाऊन पडली. "आतां रे?" असें त्यांनीं घाबऱ्या आवाजांत विचारलेलें आम्हीं माजघरांत ऐकलें. मुलानें त्यांस गालास चिमटा घेण्याची कळ दाखविली. मग बऱ्याच वेळानें दोघांचें बोलणें ऐकूं आलें. वडील विचारीत होते, तें खोलीचें दार खरोखरच कधीं उघडत नाहीं का? मुलगा म्हणाला, "नाहीं. पण मी दर वेळीं आधीं तें एकदां ढकलून पाहतों."

खेळ घरांत राहिला आहे. ताट अजून कधीं कधीं आंत जातें असें नानांच्या पत्रावरून कळतें. पण आतां बहुधा दोन ताटें जातात.